दारावर लिहा, मजल्यासकट

मिनिटं मोजकीच आहेत, म्हणून मुद्दा आधी सांगते. आपल्या घराचा डिजिपिन, म्हणजे घराच्या जागेचा कोड, काढा आणि तो मजल्यासकट दारावर लिहा. नुसता मोबाइलमध्ये ठेवू नका.

मी सोनिवलीत राहते, बदलापूर पश्चिमेला. आमचा पिनकोड ४२१५०३. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर आले, ते आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची कितीतरी गावं, लिप्या निरनिराळ्या, आणि हस्ताक्षरांचं तर विचारूच नका. त्यातून या माणसाने वाट काढली. पण हे आकडे पत्र पोस्ट ऑफिसपर्यंत आणून सोडतात. पुढचं घर पोस्टमनच्या डोक्यात असायचं.

स्वयंपाकघरातलं फडताळ डोळ्यांपुढे आणा. पिनकोडने कप्पा सांगितला. त्या कप्प्यात बरण्या पन्नास. मेथ्या कुठल्या आणि मोहरी कुठली, हे आईला डोळे मिटून ठाऊक. आई म्हणजे आपला पोस्टमन. पण आज दाराशी येतो तो रोज नवा माणूस. त्याला बरणी कशी सापडणार?

त्यासाठी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन खुला केला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र सोबत होतं. देशाच्या नकाशावर एक चौकट, तिचे १६ खण, प्रत्येक खणाचे पुन्हा १६, असं दहा वेळा. शेवटचा खण साधारण ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद. म्हणजे आपली बाहेरची खोली! पाड्यावरच्या झोपडीलाही कोड मिळतो, यादीत नाव असावं लागत नाही. मला याचं फार कौतुक वाटतं.

मात्र या कोडला उंची कळत नाही. एकावर एक रचलेल्या बरण्या त्याला एकच. सात मजल्यांवरची सात स्वयंपाकघरं, कोड तोच. आयर्लंडने २०१५ मध्ये पहिल्यांदा देशभराचा पोस्टकोड आणला, तेव्हा इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटला वेगळा दिला. आपणही तसं का... असो, तो विषय मोठा आहे, घड्याळ पुढे चाललंय. तोवर बरणीला चिठ्ठी आपणच लावायची. मजला लिहा, दाराचा क्रमांक लिहा.

आणि कोड घ्यायचा तो खाली गेटपाशी, उघड्यावर उभं राहून. घरात पलंगावर बसून नाही. आत फोन काही मीटर इकडेतिकडे भरकटतो, आणि आपला खणच ४ मीटरचा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजोबांसाठी बोलावलेली रुग्णवाहिका नकाशाने मागच्या भिंतीपाशी नेऊन उभी केली. खूण बरोबर होती, पण गेट पलीकडच्या रस्त्याला. भर पावसात चालक भिंतीकडे बघत होता आणि आम्ही गॅलरीतून हाका मारत होतो. त्या दिवसापासून मी दिसेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

आणखी एक. कोडमध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत. फोनवर सी आणि टी, जे आणि के सारखेच ऐकू येतात. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तर जास्तच. म्हणून दोनदा सांगा, सावकाश सांगा.

आता वेळ संपत आली. उद्या उजेडी गेटपाशी जा, कोड घ्या. दारावर ठळक लिहा, मजल्यासकट. दुसरा कागद फोनजवळच्या भिंतीवर लावा, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. १०८ ला फोन करायची वेळ आली, तर घरातल्या नातीलाही तो वाचून सांगता आला पाहिजे.