विमानतळावरून पाळोळ्यास — बसगाडीनें



विमानानें गोव्यास उतरलेला मनुष्य तेथून पुढें लोकांच्या साध्या बसगाडीनें गेला, हें ऐकून आमच्या मित्रमंडळींत बराच हशा पिकला. ज्याला विमान परवडतें त्याला टॅक्सी कां परवडूं नये, असा त्यांचा प्रश्न. उत्तर सोपें आहे. विमानाचीं तिकिटें आमच्या कन्येनें काढलीं होतीं. टॅक्सीचे पैसे मात्र माझ्या पेन्शनींतून जावयाचे होते. दाबोळीच्या विमानतळावरून पाळोळ्यापर्यंत जाण्यास दोन हजार रुपयांवर आंकडा ऐकला, आणि माझा निश्चय तेथल्या तेथें पक्का झाला. तो निश्चय मीं एकट्यानें केला, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचें आहे.

तीस वर्षें मीं मुलांना भूगोल शिकविला. गोव्याचा नकाशा फळ्यावर न पाहतां काढीत असें. पण वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष गोवा पाहिला नव्हता. नकाशावरून जो बोध होतो तो असा. गोव्यास आतां दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा जुना; तो पोर्तुगीजांनीं १९५५ च्या सुमारास बांधला आणि आज तो नौदलाच्या तळावर आहे. दुसरा मोप्याचा, उत्तरेकडे पेडणें तालुक्यांत. तेथून जानेवारी २०२३ पासून विमानें सुटूं लागलीं. पाळोळें आहे अगदीं दक्षिणेस, काणकोण तालुक्यांत. मोप्यास उतरणाराला जवळजवळ सगळा गोवा उभा ओलांडावा लागतो. तेव्हां तिकिटावर नुसतें ‘गोवा’ वाचून समाधान मानूं नये.

दाबोळीस विमानतळाच्या आवाराबाहेर पडलें कीं हमरस्ता लागतो. त्या रस्त्यानें वास्को आणि मडगांव यांच्या दरम्यान बसगाड्या धांवतात. वास्को जवळ, चार-पांच किलोमीटरांवर. मडगांव पंचवीसेक किलोमीटरांवर. पाळोळ्यास जाणारानें मडगांव गांठावयाचें, तेथें गाडी बदलावयाची, आणि काणकोणच्या गाडीनें चावडी या तालुक्याच्या मुख्य गांवीं उतरावयाचें. तेथून समुद्र दोन किलोमीटर. तीन टप्पे, बस्स.

कागदावर हें सारें किती सुटसुटीत! प्रत्यक्षांत मार्गशीर्षांतलें ऊन, हातांत दोन पिशव्या, आणि बरोबर सौ.; तिचा उजवा गुडघा गेलीं चार वर्षें दुखरा आहे. वीस मिनिटांनीं गाडी आली. कंडक्टर दारांत लोंबकळत “मडगांव, मडगांव” असा एका श्वासांत घोष करीत होता. आम्ही चढलों खरे, पण आंत बसावयास जागा नव्हती. गाडी वास्कोहूनच भरून येते, हें भूगोलाच्या शिक्षकास सुचावयास हवें होतें! जवळच साखवाळ हें गांव आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ सालीं तेथें झाला. खिशांत फारसें कांहीं नसतांना विद्येसाठीं घर सोडून ते काशी-नेपाळपर्यंत गेले. मी सौ.ला हें सांगूं लागलों. तिनें दांडा दोन्ही हातांनीं धरला होता आणि ओंठ मिटले होते. मी पुढचें वाक्य गिळलें.

एका कोळिणीनें तें पाहिलें. तिनें कोंकणींत कांहीं म्हटलें, सौ.चा दंड धरला आणि आपल्या जागीं बसविलें. स्वतः रिकामी टोपली पायांशीं घेऊन मडगांवपर्यंत उभी राहिली. मी आभार मानले, तर माझ्याकडे तिनें अशा नजरेनें पाहिलें कीं, वर्गांत उत्तर न येणाऱ्या मुलाकडे मी पूर्वीं कसा पाहत असें, तें मला आठवलें.

मडगांवच्या कदंब स्थानकावर आम्ही बांकावर बसलों. कदंब हें गोव्याच्या परिवहन महामंडळाचें नांव. तें १९८० मध्यें स्थापन झालें, आणि नांव घेतलें तें गोव्याच्या जुन्या राजघराण्याचें. पण त्या वेळीं इतिहास सांगण्याचें धैर्य मजपाशीं नव्हतें. मी म्हटलें, “येथून टॅक्सी करूं या.” सौ.नें पाणी प्यालें, पदरानें तोंड पुसलें आणि म्हणाली, “अहो, बसचें मला कांहीं वाटत नाहीं. जन्मभर बसनेंच फिरलें. पण निघण्यापूर्वीं एकदां मला विचारलें असतेंत तर!”

यावर मी काय बोलणार? पैसे दोघांचे वांचले होते. गुडघा मात्र तिचा एकटीचा होता.

पुढची गाडी तिनेंच ठरविली. काणकोणची पहिली गाडी भरलेली होती, ती तिनें जाऊं दिली. दुसरी रिकामी येऊन लागली, तेव्हां पुढच्या दाराजवळची, पाय लांब करतां येईल अशी जागा तिनें पटकावली. हाच मार्ग मी आपणांसही सुचवीन: जेथून गाडी सुटते तेथें चढावें, मग पाऊण तास उशीर झाला तरी चालेल. वयस्क मनुष्यानें तर दाबोळीस उतरल्यावर उलटें वास्कोस जावें आणि तेथल्या स्थानकावरून मडगांवची थेट गाडी धरावी. तिचें तिकीट गाडींत चढण्यापूर्वींच खिडकीवर मिळतें, आणि बसावयास जागा असते.

मडगांव ते चावडी हा सुमारें चाळीस किलोमीटरांचा रस्ता मोठा रम्य आहे. वाटेंत कुंकळ्ळी लागते. १५८३ सालीं या गांवानें पोर्तुगीज सत्तेविरुद्ध शस्त्र उचललें होतें, सौ.नेंच विचारल्यामुळें ती हकीकत मीं यथास्थित सांगितली. पुढें करमल घाटांत झाडी दाटते, खिडकींतून गार वारा येतो, आणि उतारूंच्या गप्पांना ऊत येतो. कोणी बाजाराचें ओझें घेऊन, कोणी कॉलेजांतून परत. टॅक्सीच्या बंद कांचेआड हा शेजार आम्हांला लाभला नसता.

चावडीस उतरल्यावर मीं विचारलें, “चालावें कीं रिक्षा?” ती म्हणाली, “रिक्षा.” रिक्षा धरूनही एकूण खर्च टॅक्सीच्या पांचव्या हिश्शाहून कमीच झाला.

पाळोळ्याचा किनारा अर्धचंद्राकार आहे, आणि पाणी बरेंच शांत. उत्तरेच्या टोकास एक लहानसें बेट आहे. ओहोटीस तेथें पाण्यांतून पायीं जातां येतें. संध्याकाळीं ओहोटी होती. सौ. पोटरीइतक्या पाण्यांत उभी राहिली, आणि खारें पाणी गुडघ्यास बरें वाटतें म्हणाली. बेटापर्यंत आम्ही गेलों नाहीं.

चार दिवसांनीं परत निघतांना मीं आदल्या रात्रींच विचारलें. तिनें विचार करून सांगितलें कीं, मडगांवपर्यंत बस आणि तेथून विमानतळापर्यंत टॅक्सी. त्याप्रमाणें आम्ही निघालों. चावडीस आम्हांला दोन जागा मिळाल्या, आणि खिडकी तिची होती.