वेबपानाची मुळाक्षरे

इतवार म्हणजे रविवार. तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात या वाराचे नाव धारण करणारी इतवारा नावाची वस्ती आहे. शहर मध्य प्रदेशात. 2003 पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. पण रावेर तेथून जवळ, भुसावळ आणि जळगाव आगगाडीच्या वाटेवर, आणि म्हणून कित्येक घरांत चुलीपुढची भाषा मराठी, दुकानातील हिंदी व शेजाऱ्याची उर्दू असा नित्याचा व्यवहार आहे. अशा घरातील एखाद्या मुलीने मनात आणले की, दिवाळीच्या सुटीत रावेरहून व पुण्याहून येणाऱ्या मावसभावंडांसाठी आपल्या गावाचे एक वेबपान करावे. काय पाहावे, कसे जावे, मावा जिलबी कोठे खावी हे त्यात सांगावे. तर तिला ही विद्या कोणत्या क्रमाने शिकवावी?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आज तयार साचे मिळतात. नाव घालावे, चित्र टाकावे, की पान तयार. यंत्राला चार वाक्यांत सांगितले तर तेही सबंध पान लिहून देते. मग हाताने लिहिण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, साच्यातून काढलेले पान बिघडले म्हणजे शिकाऊ माणूस त्याच्यापुढे हतबल होऊन बसतो. कोठे काय आहे हेच त्याला ठाऊक नसते. शिवणयंत्र चालवणाऱ्याला दोरा ओवता आला नाही तर जसे व्हावे, तसेच हे. साचे जरूर वापरावेत, पण दुसऱ्या महिन्यात. पहिला आठवडा तरी साध्या मजकुराच्या फाइलीचा असावा.

वेबचा जन्मच मुळी अशा साधेपणात झाला. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाजवळ सर्न नावाची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, प्रत्येकाची यंत्रे निराळी, कागदपत्रे निराळी. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये ती सारी परस्परांशी जोडण्याची योजना मांडली आणि 1991 मध्ये पहिले संकेतस्थळ बाहेरच्या जगाला खुले झाले. पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल या लिपीची त्या वर्षीची यादी फार तर दीड डझन खुणांची होती. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ही सारी विद्या कोणतेही शुल्क न ठेवता जगाच्या स्वाधीन केली. त्या पहिल्या पानाची जुनी प्रत आजच्या मोबाइलवरही नीट उघडते. तीस वर्षांत किती झगमगीत तंत्रे आली आणि नाहीशी झाली! टिकले ते साधे पान.

या खुणा म्हणजे काय, हे समजावण्यासाठी आरंभी संगणकाची गरज नाही. मुलीला कागदावर गावाविषयी दहा-बारा ओळी लिहू द्याव्यात. मग तांबडी पेन्सिल घेऊन विचारावे : यांपैकी मथळा कोणता? परिच्छेद कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? यादी कशाची आहे? छापखान्याकडे मजकूर पाठवताना संपादक समासात ज्या खुणा करतो, त्याच जातीच्या या खुणा. मथळ्याच्या आधी टोकदार कंसात एक अक्षर-अंक लिहायचा, मथळा संपला की तीच खूण तिरकी रेघ जोडून पुन्हा लिहायची. परिच्छेदाला आणखी एक खूण. ही खूण ‘हे मोठे दिसू दे’ असे सांगत नसून ‘हा मथळा आहे’ असे सांगते. हा भेद मुलीच्या मनात उतरला की निम्मे शिक्षण झाले. कारण तेच पान एखादा अंध वाचक यंत्राच्या आवाजात ऐकत असेल, तर त्याला अक्षराचा मोठेपणा दिसणार नाही. मथळा आहे हे मात्र यंत्र त्याला सांगेल.

त्यानंतर तोच मजकूर संगणकाच्या साध्या टिपणवहीत उतरवावा, फाइलीच्या नावाअखेर एचटीएमएल हे शेपूट जोडावे आणि ती ब्राउझरमध्ये उघडावी. येथे एक चूक मुद्दाम होऊ द्यावी. मथळ्याची शेवटची खूण राहिली, तर खालचा सारा मजकूर मथळ्याएवढा मोठा व ठळक होऊन बसतो. मुलगी दचकते; मग फाइलीत परत जाते, विसरलेली तिरकी रेघ घालते, पान ताजे करते आणि अक्षरे शहाण्यासारखी आपापल्या मापात येतात. शिक्षकाने अशा वेळी हात पुढे करू नये. जो शिक्षक शिकणाऱ्याच्या हातातून कळफलक ओढून घेतो त्याने चूक दुरुस्त केलेली असते, शिकवलेले काहीच नसते.

खरी परीक्षा यापुढे आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकांवरून शिकवणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. ती म्हणजे मराठी अक्षरांची. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. तो अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवून घ्यावे लागते. भारतात 1988 साली इस्की या नावाची अशी एक संकेतावली ठरली होती. युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती 1991 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा देवनागरीची तीतील मांडणी त्याच पायावर झाली. पुढे आर. के. जोशी यांच्यासारख्या अक्षरचित्रकाराने मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा टंक घडवला आणि घरोघरीच्या संगणकात मराठी अक्षर दिसू लागले. पण मधल्या काळात कित्येकांनी आपापले टंक बनवले होते. त्यांत मराठी अक्षराचे चित्र असे, आणि आतला अंक मात्र एखाद्या इंग्रजी अक्षराचा. तो टंक ज्याच्याजवळ नाही त्याला ‘क’च्या जागी भलतेच काही दिसे. त्या काळची मराठी पाने आज उघडावीत, तर बहुधा कंस, टिंबे आणि रोमन अक्षरे यांचा चुरा पुढ्यात येतो. कोणी आपल्या गावाचा इतिहास लिहिला असेल, कोणी आजीच्या ओव्या उतरवल्या असतील. शब्द नाहीसे झाले नाहीत, पण वाचताही येत नाहीत.

मराठीवर हा प्रसंग नवा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे तेथे उपलब्ध नव्हते. भाषा मराठी, ओवी मराठी, आणि अक्षरे मात्र उसनी! चारशे वर्षांपूर्वी तो नाइलाज होता. आज तशी लाचारी उरलेली नाही. फाइल यूटीएफ-8 या पद्धतीने जतन करावी आणि पानाच्या शिरोभागी ही पद्धत कोणती ते एका ओळीत स्पष्ट सांगावे, एवढेच काम. ती ओळ वगळली तर वाचकाच्या यंत्राला अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की एकेका मराठी अक्षराच्या ठिकाणी तीन-तीन परकी चिन्हे उमटतात. कारण या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घरे व्यापते.

गंमत अशी की, इतवाऱ्यातील मुलीने लिहिलेला पहिला शब्दच तिची कसोटी पाहतो. हिंदी पाटीवर ‘बुरहानपुर’ लिहिले की भागते. मराठीत ‘बुऱ्हाणपूर’ लिहायचे, तर ‘ह’च्या डोक्यावर रफार चालत नाही, ‘ह’च्या आधी चिकटलेला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हवा. तो दोन रीतींनी टंकता येतो. दोन्ही रीतींनी काढलेला शब्द डोळ्यांना अगदी सारखा दिसतो, पण आतले अंक वेगळे असल्यामुळे शोधताना यंत्र त्यांना दोन निराळे शब्द समजू शकते. एका पानावर गावाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले, तर शोधणाऱ्याला अर्धीच ठिकाणे सापडतील. म्हणून एक रीत ठरवावी आणि तीच सर्वत्र पाळावी.

याला लागूनच पानाची भाषा जाहीर करण्याची गोष्ट येते. देवनागरी दिसली म्हणजे हिंदी, असा यंत्राचा समज होऊ शकतो. पानाच्या पहिल्याच खुणेत ‘भाषा मराठी’ असे सांगितले, तर वाचून दाखवणारे यंत्र मराठी आवाज निवडू शकते आणि काही टंक ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणेही आपणहून दाखवतात. मध्येच एखादे उर्दू वाक्य द्यायचे असेल, तर तेवढ्या वाक्यापुरती उर्दूची व उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सूचना करता येते. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे अपरिचित वाटू नये. राजा अली खान फारुकी याने 1590 च्या सुमारास पूर्ण केलेल्या येथील जामा मशिदीत अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे. ज्याला जी लिपी येते त्याने ती वाचावी. एकीने दुसरीला पुसलेले नाही.

पानाला दुवे जोडायला शिकवताना तर या गावासारखा दाखला दुसरा मिळणे कठीण. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले गेले. त्या कुंडी भंडाऱ्याला वरून पाहिले तर शंभरावर कुंड्यांची तोंडे तेवढी सुट्टी सुट्टी दिसतात. आतून सगळ्या एकाच प्रवाहाने जोडलेल्या असतात, आणि कोणताही पंप न लावता निव्वळ उताराने पाणी पुढे जाते. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा असाच असावा. ‘येथे टिचकी मारा’ असे लिहिण्यापेक्षा ‘कुंडी भंडाऱ्याकडे जाण्याची वाट’ असे लिहावे, म्हणजे टिचकी मारण्यापूर्वीच वाचकाला पुढे काय आहे ते कळते. 2024 मध्ये हे स्थळ जागतिक वारशाच्या भारताच्या संभाव्य यादीत आले, त्यामुळे दूरचा माणूसही आता त्याचा शोध घेत येईल.

नवशिक्याला सर्वांत अधिक रडवते ते छायाचित्र. मुलगी मशिदीचे छायाचित्र पानात घालते. घरच्या संगणकावर ते झकास दिसते. पान इंटरनेटवर ठेवले, मावशीला कळवले, आणि मावशी म्हणते, ‘अगं, चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसते.’ मुलीला वाटते, मावशीचाच मोबाइल बिघडला. दोष असतो पत्त्याचा. पानात लिहिलेला चित्राचा पत्ता तिच्या घरच्या संगणकातील कप्प्याचा असतो. रावेरचा मोबाइल इतवाऱ्यातील घराच्या कपाटात कसा डोकावणार? चित्र पानाशेजारी त्याच कप्प्यात ठेवावे व पत्ता म्हणून केवळ त्याचे नाव द्यावे. आणि नाव लिहिताना रोमन अक्षरांचा लहानमोठेपणा जसाच्या तसा राखावा. घरचे यंत्र पुष्कळदा त्याकडे काणाडोळा करते, दूरचे सर्व्हर सहसा करत नाहीत. या एका गोष्टीपायी कित्येक उत्साही मुले पहिल्याच आठवड्यात हे काम सोडून देतात. म्हणून ही अडचण येण्याआधी न सांगता, ती आल्यावर त्याच दिवशी उलगडून दाखवावी. ती मग जन्मभर विसरली जात नाही. चित्राला शब्दांत वर्णनही जोडावे. आणि मोबाइलने काढलेले अवजड चित्र आधी लहान करून घ्यावे, नाहीतर खेडेगावच्या मंद जोडणीवर वाचक ताटकळत राहतो.

रंग, अक्षरांचा आकार, समास ही सजावट सीएसएस नावाच्या दुसऱ्या फाइलीत असते. ती शेवटी शिकवावी आणि बेताने शिकवावी. मुलांना पहिल्याच दिवशी पान जांभळे करायचे असते. करू द्यावे, आपोआप कंटाळतात. मात्र एक ओळ आवश्यक आहे : पान मोबाइलच्या रुंदीप्रमाणे मांडावे, ही. ती नसली तर मोबाइल त्या पानाला मोठ्या पडद्याचे समजून आक्रसतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. मावसभावंडे पान पाहणार ती मोबाइलवरच.

साधी पाने विनामूल्य ठेवू देणारी गिटहब पेजेससारखी ठिकाणे आहेत. मुखपृष्ठाच्या फाइलीला ‘इंडेक्स’ नाव दिले की पत्ता उघडताच तेच पुढे येते. येथवर पोचायला रोज तासभर दिला तर दोन आठवडे पुरतात. मग एखाद्या संध्याकाळी पुण्याचा भाऊ विचारतो, ‘ताई, जिलबीचे दुकान सकाळी किती वाजता उघडते, ते लिहिलेच नाहीस.’ ताई दुकानापर्यंत चालत जाते, वेळ विचारून येते, फाइल उघडते आणि यादीच्या खाली आणखी एक ओळ घालते.