कॉलेजला मार्क कोण देणार?
(वसतिगृहातल्या मुलामुलींपुढे केलेलं भाषण)



आपल्यालाच मार्क पडतात असं नाही. कॉलेजलाही पडतात. १९९४ साली नॅक निघाली, ती मूल्यांकन करते. २०१६ पासून एनआयआरएफची यादी येते, पहिला नंबर कोण, दहावा कोण. नॅकची समिती येणार म्हटलं की भिंतीला रंग लागतो, संडासाला कडी बसते, कुंड्या भाड्याने येतात. समितीची गाडी वळली की कडी निखळते. हे मी तुम्हाला काय सांगायचं!

हिशेब बघा. एनआयआरएफच्या २०२३ च्या सर्वसाधारण चौकटीत समाजनावाच्या लौकिकाला शंभरात दहा गुण. आर्थिक-सामाजिक दुर्बल विद्यार्थ्यांना शंभरात दोन! तेही पूर्ण फी परत मिळालेली पोरं मोजून. ती पोरं वर्गात कुठल्या बाकावर बसतात, कुणाशी बोलतात, टिकतात का, याला शून्य.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. फेलोशिप थांबलेली, वसतिगृहातून बाहेर काढलेला. ४ एप्रिलला एनआयआरएफची पहिली यादी लागली. विद्यापीठांत हैदराबाद चौथं! मी म्हणत नाही की यादी खोटी होती. संशोधन होतं, ग्रंथालय होतं. रोहितसाठी मात्र त्या कागदात रकानाच नव्हता.

तर रकाने आपण पाडू. वस्तीतली, तांड्यावरची, पाड्यावरची किती पोरं पहिल्या वर्षाला आली आणि तिसऱ्याला किती उरली? गळाली ती वीटभट्टीवर गेली, ऊसतोडीला गेली की लग्न लावून दिली? शिष्यवृत्ती महाडीबीटीवर अडकली तर कारकून फॉर्म दुरुस्त करून देतो की फी भर म्हणून हाकलतो? राखीव जागेवर किती मास्तर नेमले? यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितला, तो कुठल्या खोलीत बसतो, शिपायाला तरी ठाऊक आहे का?

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं. तेव्हा यादी निघाली असती तर लौकिकाचे दहा त्याला कोणी दिले असते?

येत्या रविवारी वह्या घेऊन या. आपापल्या वर्गातून गळालेल्यांची नावं आठवून लिहा, शक्य असेल तर घरी जाऊन विचारा. वर कॉलेजचं नाव, खाली आकडे. छपाईला वर्गणी काढू.