चूक कोणती, बोली कोणती?



फलकावर ‘शिक्षक दीन’ असे वाचले की आपण हसतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे बापुडा. लग्नपत्रिकेत ‘पाणीग्रहण’ छापले, तर वधूवर एकमेकांचा हात धरायचे सोडून पाणीच पिऊ लागतील! याला औषध आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम शब्दाचा अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. समासात तो शब्द आधी आला, तर मूळचा ऱ्हस्व ठेवायचा. कवी, पण कविराज. गुरू, पण गुरुवार. ‘पाणि’ म्हणजे हात, म्हणून पाणिग्रहण. नियम कळला की चूक सुटते.

पेडणे-डिचोलीच्या मुलांच्या वह्यांत मला दुसऱ्याही जातीच्या ‘चुका’ भेटतात. डिचोलीकडचा विद्यार्थी लिहितो, ‘लोक आमच्याकडे पळत होते.’ पुण्याच्या वाचकाला दंगल वाटेल. मुलाला ‘पाहत होते’ म्हणायचे असते, कारण घरी ‘पळय’ म्हणजे बघ. पेडण्याची मुलगी लिहिते, ‘माझी धाकटी बहीण शाळेत गेलं.’ तिच्या बोलीत लहान मुलगी नपुंसकलिंगी असते. त्या बोलीचे व्याकरण ती चोख पाळते. आई ‘पाणी हाड’ म्हणते, म्हणजे आण. घाटावरचा पाहुणा मात्र कुत्रा कुठे शिरला ते शोधतो.

आपला दशावतारच पाहा. राजा भारदस्त मराठीत गर्जतो, संकासूर मालवणीत टोमणे हाणतो. प्रेक्षक दोघांनाही दाद देतात. संकासुराला कोणी ‘अशुद्ध’ म्हणत नाही. कोणत्या तोंडी कोणती भाषा शोभते, याची जाण या मातीत आहे. वर्गात ती आपणच हरवतो.

निबंधात ‘पाहत होते’ हवे, यात मी सवलत देणार नाही. पण ज्या मुलाच्या आईचा शब्दच आपण चूक ठरवतो, ते मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. म्हणून शिक्षकांना एक विनंती. तांबडी रेघ जरूर मारा. पण समासात, म्हणजे व्याकरणातल्या नव्हे, वहीतल्या, एवढे लिहा : ‘घरी पळय, निबंधात पाहणे.’ मग वर्ग हसेल, आणि ते मूलही त्या हसण्यात सामील होईल.