छापून आले म्हणजे खरे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे चिटणीस बाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. पापड लाटायचे असोत की हळदीकुंकवाची तयारी असो, मी मागे राहणारी नव्हे. परंतु भाषण म्हटले की माझ्या छातीत धडधडते. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पुढची शाळा गावापासून लांब, म्हणून ती सुटली ती सुटलीच. तरीही आज मी उभी राहिले आहे, कारण एक गोष्ट दोन वर्षे माझ्या मनात सलते आहे. ती आपल्यापुढे बोलल्यावाचून मला मोकळे वाटणार नाही. ती मी शेवटी सांगेन. आधी थोडे दुसरे बोलते.

माझ्या लहानपणी वडील ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. चार शेजारी जमत. कुणी वाद घातला की वडील म्हणत, "अरे, पेपरात आलंय!" की वाद संपला. आईला अक्षरओळख नव्हती, पण तीसुद्धा हेच म्हणे. छापलेले ते खरे, हा आमच्या घरचा जणू कायदाच होता. ते लिहिणारा कुणी माणूस असतो, त्यालाही राग-लोभ असतात, त्यालाही पोट असते, आणि बहुधा तो पुरुष असतो, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या कपाटातून मी एक लहानसे पुस्तक घरी नेले. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना'. दुपारची भांडी झाल्यावर रोज दोन पाने, असे ते मी वाचले. भाषा जुनी, पण राग अगदी आजचा वाटला. त्याची हकीकत अशी. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. तिला दिवस गेले, मूल झाले, आणि लोकलज्जेने तिने ते मारले असा आरोप होता. न्यायालयाने तिला फाशी फर्मावली. पुढे अपिलात ती फाशी टळली. परंतु या खटल्याच्या निमित्ताने 'पुणेवैभव' या पत्रात समस्त बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतले गेले. एका बाईवर खटला, आणि शिक्षा सगळ्या बायकांना!

ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाईंना राहवले नाही. त्यांनी उत्तर लिहिले आणि १८८२ साली पुण्यात ते छापून घेतले. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्या मुलापाठीमागे कुणी पुरुष होता की नाही? मग त्याचे नाव कुठे गेले? विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, आणि तिचे पाऊल घसरले की तिलाच फासावर चढवायचे, हा कुठला न्याय? अशा अर्थाचे ते पुस्तक आहे. त्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरली. परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आपल्या हाती आलेले नाही. हे पुस्तकही पुढे लोक विसरून गेले. थेट १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे ते मुके होऊन पडले होते. भगिनींनो, बाईचे लिहिलेले नुसते छापून भागत नाही. ते वाचले गेले पाहिजे, हातोहात पुढे गेले पाहिजे. नाहीतर कागदावर असूनही ते नसल्यासारखेच.

त्याच काळातली दुसरी बाई म्हणजे डॉक्टर रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी जायला नकार दिला, तेव्हा १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. १८८७ साली कोर्टाने हुकूम केला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. मी तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंनी कळवले. त्या वेळी वर्तमानपत्रांत केवढा धुरळा उडाला! लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषानेही त्यांच्या विरुद्ध बाजूने लिहिले. मोठ्या माणसाचे सगळेच म्हणणे मोठे असते असे नाही, एवढेच मी नम्रपणे म्हणते.

पण या गोष्टीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्रात बालविवाहाविषयी पत्रे छापून आली. खाली नाव नव्हते, नुसते 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाची सही होती. ती पत्रे रखमाबाईंची होती. सगळे जग तिच्याविषयी बोलत असता ती स्वतः बोलली, परंतु नाव झाकून बोलली. ते पत्र तेव्हा इंग्रजांच्या हाती होते, आणि त्यांनी ती पत्रे काही केवळ आपल्या कळवळ्याने छापली असतील असे मी म्हणत नाही. ज्याच्या हाती छापखाना, त्याचा काही ना काही हेतू असतोच. मात्र त्यातून तिचा शब्द लोकांपुढे आला, हे खरे. पुढे १८८८ साली दोन हजार रुपये देऊन ते प्रकरण मिटले. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली.

आता कुणी म्हणेल, ही वर्तमानपत्रे बायकांची वैरीच दिसतात. तसेही नाही. १९३० सालच्या ऑगस्टमध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'स्त्री' मासिक काढले. आमच्या सासूबाईंजवळ त्याचे जुने अंक होते. त्या सांगत, "मला वाटायचं हे सगळं माझ्याच नशिबी आलंय. त्यात दुसऱ्या बायकांची पत्रं वाचली आणि कळलं, घरोघरी तेच आहे." मासिकाने सासूबाईंचे दुःख कमी केले नाही, पण त्यांचे एकटेपण कमी केले. याच 'स्त्री'मध्ये काम करून पुढे तिच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. नाव पाहा कसे आहे! आपल्या मंडळाचेच वाटते.

आणि एक उदाहरण देते. ते ऐकायला कठीण आहे, पण आपल्या महाराष्ट्रातले आहे. १९७२ साली देसाईगंज येथे मथुरा नावाच्या एका गरीब आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असे धरले गेले. ही गोष्ट तिथेच बुडाली असती. परंतु १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या चौघांत लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या दोन स्त्रिया होत्या. ते पत्र वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत गेले, गावोगावी बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना असा प्रसंग घडला आणि माझी संमती नव्हती असे बाईने कोर्टात सांगितले, तर न्यायालयाने तिचा शब्द धरून चालावे, असे त्यात आले. एक पत्र, पण केवढी त्याची शक्ती! मथुरेला स्वतःला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, हेही विसरू नये.

आता आपल्या घरातल्या टी.व्ही.कडे वळते. रात्रीच्या मालिका मीही पाहते, त्याशिवाय भाकरी गोड लागत नाही. पण कधी ध्यान देऊन पाहा. चांगली सून ती, जी सगळे सोसते आणि कुणाला काही सांगत नाही. केस कापलेली, मोठ्याने बोलणारी, पैसा मिळवणारी बाई बहुधा घर फोडणारी निघते. बायका दिवसभर एकमेकींविरुद्ध कट करतात, आणि पुरुष बिचारा भोळा! जरीच्या साड्या नेसून सगळ्या दिवाणखान्यात उभ्या असतात, पण एवढ्या माणसांची भांडी कोण घासते ते काही दिसत नाही. जाहिरातीत कपडे धुणारी बाई आणि ताटावर बसलेला पुरुष. गोरे करणाऱ्या मलमाच्या जाहिराती पाहून किती मुली आरशासमोर रडल्या असतील! त्यातल्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. शब्द निघाला, पण तो आपल्या डोक्यातून निघाला काय? मुलगी पाहून आलो की आपण पहिला प्रश्न काय विचारतो, ते प्रत्येकीने आपल्याशी आठवावे.

हे सगळे कुणी आपल्याला छडी घेऊन शिकवीत नाही. रोज थोडे थोडे मुरते, जसे लोणचे मुरते. आणि मग ते आपलेच मत आहे असे आपल्याला वाटू लागते. खरी सत्ता ती हीच, असे मला वाटते.

आता माझी गोष्ट. जिच्याविषयी बोलते आहे तिला विचारूनच बोलते.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एका साप्ताहिकातील बातमीचे कात्रण आले. लग्नाला चार दिवस उरले असता नवरीने ऐन वेळी नकार दिला, वऱ्हाडाची तयारी वाया गेली, मुलाच्या आईवडिलांना धक्का बसला, असा मजकूर होता. नाव नव्हते. खाली कुणीतरी जोडले होते की शिक्षणाने आणि मोबाइलने मुली बिघडल्या, आईबापांनो सावध व्हा. मी ते वाचले. खरे सांगते, मनात म्हटले, बरोबर आहे. आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर ते पुढे पाठवले. आपल्यापैकी कित्येकींनी त्यावर हात जोडल्याची चित्रे टाकली.

रात्री थोरल्या बहिणीचा फोन आला. ती रडत होती. ती मुलगी माझी सख्खी भाची होती.

लग्न ठरल्यावर मुलाकडच्यांनी आधी मोटारसायकल मागितली. ती कबूल केली. मग चार दिवस उरले असता आणखी दोन लाख मागितले. माझे मेहुणे शेत गहाण टाकायला निघाले, तेव्हा मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, शेत राहू दे. हे लग्नच नको." हुंडा मागणे १९६१ सालापासून गुन्हा आहे. परंतु बातमीत मागणीचा एक शब्द नव्हता. मुलाच्या घरच्यांना विचारले होते, मुलीला कुणी विचारले नव्हते. तिने आपल्या हाताने खुलासा लिहून पाठवला, तो छापला गेला नाही.

दिवाळीला ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला सगळे कबूल केले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मावशी, तू वाचलंस, पण विचारलं नाहीस."

भगिनींनो, ताराबाईंनी १८८२ साली जे विचारले, ते मी इतक्या वर्षांनी हातात मोबाइल असून विचारले नाही. लिहिणारे ते पुरुष होते म्हणून आपण त्यांना दोष देतो. पण पुढे पाठवणारा हात बाईचा होता, माझा होता. पूर्वी छापखाना दुसऱ्याच्या हाती असे. आता प्रत्येकीच्या पदराला एक छापखाना बांधलेला आहे. त्याची जबाबदारीही आपलीच.

म्हणून माझे तीन मागणे आहेत. पहिले, बाईविषयी काही वाचले की विचारावे : यात तिचा स्वतःचा शब्द कुठे आहे? तो नसेल तर बातमी अर्धी आहे असे समजावे. दुसरे, अर्धी बातमी पुढे पाठवू नये. आणि तिसरे, आपण लिहावे. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. दर महिन्याच्या सभेत एकीने आपला एक अनुभव वहीत लिहून आणावा व वाचावा, आणि दरवर्षी त्यातले निवडून स्मरणिकेत छापावे. जाहिराती थोड्या कमी मिळाल्या तरी त्या पानांना जागा ठेवावी, अशी माझी चिटणीस बाईंना विनंती आहे.

हे भाषण स्मरणिकेत येणार आहे असे कळले, तेव्हा मी भाचीला फोन करून सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझी बाजू छापून येणार तर." होय, येणार. दोन वर्षे उशिरा, पण येणार.