जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज



माझ्या अंगणात 1997 सालची मारुती 800 उभी आहे. वडिलांनी घेतलेली, एमएच 31 नंबरची, कार्बोरेटरवाली. दोन वर्षांपूर्वी तिचं अ‍ॅव्हरेज लिटरला साडेबारावर आलं, तेव्हा मी तिला नागपुरातल्या मंगळवारी भागातल्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग मलाच चालवायला सांगून शेजारी बसला. कस्तुरचंद पार्कला एक चक्कर मारून परत आलो, तर म्हणतो, ‘‘अर्धा दोष गाडीचा हाय जी, अर्धा तुमच्या पायाचा.’’

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. माझ्या पायाचा दोष मला कुणी असा तोंडावर सांगितला नव्हता. म्हणून आधी गाडीच्या अर्ध्या दोषाकडे वळलो.

जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं येतं ते ‘काय बसवू?’ पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवा म्हणजे पेट्रोलचे कण विलग होतात, असं सांगणारे विक्रेते तुम्हालाही भेटले असतील. पेट्रोलवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणाम होतच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरांहून अधिक साधनं तपासली. बहुतेकांचा काडीचाही उपयोग नव्हता. माझ्या गाडीत असं एक चुंबक होतं. वडिलांनीच बसवलं असणार. ते आता फ्रिजच्या दारावर दुधाचा हिशेब धरून आहे.

खरं सांगायचं तर माझ्या गाडीत काही बसवावंच लागलं नाही. पंचवीस वर्षांत जे जे बसवलं होतं आणि जे जे काढलं होतं, ते उलटं करायचं होतं.

टपावरचं कॅरियर काढलं. पुढचं लोखंडी गार्ड काढलं. त्याला तर केंद्र सरकारनं 2017च्या डिसेंबरमध्येच बेकायदा ठरवलं होतं. डिकीतून दोन पाण्याचे कॅन, एक सतरंजी आणि जुन्या बॅटरीचं धूड निघालं. साडेसहाशे किलोच्या आसपासची ही गाडी. तिच्यात पन्नास किलोचा संसार कायमचा भरून ठेवायचा आणि मग ती चढत नाही म्हणायचं!

टायरची गोष्ट जरा मजेची आहे. कंपनीनं दिलेले टायर बारा इंची, 145/70चे. मधल्या काळात कुणाच्या तरी सल्ल्यानं तेरा इंची, रुंद टायर आणि चकचकीत रिम बसवलेले होते. आता मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण गाडीचा मीटर फेऱ्याच मोजतो. त्यामुळे शंभर किलोमीटर चाललं तरी मीटर पंच्याण्णवच दाखवत होता. म्हणजे साडेबाराचं माझं अ‍ॅव्हरेज मुळात तेरा होतं! याउलट झिजलेल्या, लहान टायरवर अ‍ॅव्हरेज फुगलेलं दिसतं. पानटपरीवर ‘आपली बावीस देते’ असं कुणी सांगितलं की मी हल्ली आधी त्याचे टायर पाहतो. हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवरून आलेल्या टायरची हवा मोजून काही कळत नाही.

सगळ्यात मोठा चोर सापडला तो रेडिएटरच्या नळीजवळ. किंवा सापडला नाही, असं म्हणू. कारण तिथे थर्मोस्टॅट नव्हताच.

आपलं गाव उन्हाचं. 2013च्या मेमध्ये इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात गाडी गरम होते आणि कुणीतरी सांगतं, थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी सतत फिरेल, इंजिन थंड राहील. थंड राहतं हे खरं. पण इंजिनाला थंड राहायचं नसतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी छोटी झडप. पाणी साधारण ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की ती उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरवून इंजिनाला लवकर तापू देणं हे तिचं काम. ती काढली की डिसेंबरच्या सकाळी घरापासून सीताबर्डीपर्यंत काटा हलतच नाही. तेल घट्ट, सिलिंडरच्या भिंती गार, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि आपण चोक अर्धा ओढलेला ठेवून पेट्रोल अक्षरशः ओततो. आणि गाडी मुळात गरम का होत होती? वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घातल्यानं आतून क्षार चढले होते. घरातल्या गिझरला होतं तेच. रेडिएटर साफ करून घेतला, कूलंट भरलं, नवा थर्मोस्टॅट बसवला. हे काम काही शेकड्यांत झालं आणि अ‍ॅव्हरेजमध्ये सगळ्यात मोठी उडी यानंच मारली.

जॅक लावून चाकं हातानं फिरवून पाहिली, तर मागचं डावं चाक ब्रेकला घासत होतं. एअर फिल्टर, प्लग हे तर तुम्ही जाणताच.

आता कार्बोरेटर. आपल्याकडे ‘जेट बारीक करून द्या’ असं सांगून अ‍ॅव्हरेज वाढवण्याची जुनी रीत आहे. जेट म्हणजे पेट्रोल जाण्याचं भोक. ते बारीक केलं की हवा जास्त, पेट्रोल कमी. पूर्वी हे थोडंफार खपून जायचं, आज खपत नाही, कारण पंपावरचं पेट्रोल बदललं आहे. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला बिचाऱ्याला डोळेच नाहीत. त्याच्या दृष्टीनं मिश्रण आधीच विरळ झालेलं असतं. त्यात आपण जेट आणखी बारीक केलं तर वाचलेल्या पेट्रोलचे पैसे जळालेल्या व्हॉल्व्हवर जातात. मिस्त्रीनं मला मूळ मापाचंच जेट बसवून दिलं आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलायला लावल्या, कारण इथेनॉलनं जुनं रबर फुगतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाही कमी. जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच आहे. तेव्हा तेवढा दोष माझ्या पायावर कुणी घालू नये.

आमच्या चिरंजीवांनी मला एक चित्र दाखवलं. अमेरिकेत एका हौशी माणसानं 1992 सालच्या होंडा सिव्हिकला होडीसारखी निमुळती शेपटी जोडली, मागची चाकं झाकून टाकली आणि अ‍ॅव्हरेज कुठल्या कुठे नेलं. ‘‘बाबा, आपण करायचं?’’ करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी दिसेल अशी गाडी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली तेच पुन्हा बजावलं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी शेपटीचा उपयोग वेगात. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोनपट होतो. महाल भागातल्या गल्लीत वीसच्या वेगानं शेपटी मिरवून काय मिळणार? फार तर एखाद्या गाईची नाराजी.

गॅस किटचा विचार मीही केला. पण सीएनजीची टाकी आली की पुन्हा पन्नास-साठ किलोचं धूड डिकीत, दर तीन वर्षांनी तिची तपासणी, आरसी बुकात नोंद. आणि नागपुरात 2022च्या मार्चमध्ये सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता, देशात सगळ्यात महाग. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बांधून त्या गॅसवर गाड्या चालवल्या जात. जुनी माणसं सांगत, चढ आला की उतारू खाली. त्या मानानं आपलं बरं चाललं आहे.

राहता राहिला पाय. त्याचा इलाज वर्धा रोडवर सापडला. तिथे मेट्रोच्या खाली जो उड्डाणपूल आहे, तो 3.14 किलोमीटरचा. गणितातला पाय! त्यावरून पन्नासच्या वेगानं, वरच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न हलवता गेलं की सिग्नल नाही, ब्रेक नाही. खालच्या रस्त्यानं तेच अंतर कापताना तीनदा थांबायचं आणि तीनदा साडेसहाशे किलो लोखंड शून्यापासून ढकलायचं. दर वेळी ब्रेक मारतो तेव्हा आधी जाळलेलं पेट्रोल आपण ब्रेकच्या उष्णतेत उधळत असतो. हे मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं आणि गाडीत बसल्यावर विसरलो.

मोजायचं कसं, तेवढं सांगतो. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरायची, नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, मीटर लिहायचा. पुढच्या वेळी तिथेच पुन्हा तसंच. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, तीन-चारांची सरासरी घ्यायची. माझी वही आता दोन वर्षांची झाली आहे. रोजच्या शहरातल्या धावपळीत गाडी सोळा देते. गेल्या महिन्यात दोन रविवारी रामटेकला गेलो. तीच गाडी, तेच चौघं, तोच रस्ता. पहिल्या रविवारी मी चालवली, 16.7. दुसऱ्या रविवारी सौभाग्यवतींनी चालवली, 18.9.

तेव्हापासून वहीत ‘चालक’ नावाचा एक नवा रकाना आला आहे. तो मी आखलेला नाही.