गप्प बसलेले मूल



आजच्या व्याख्यानाचा विषय 'अनेक भाषांची आंतरराष्ट्रीय शाळा' असा छापला आहे. आंतरराष्ट्रीय शाळा म्हटली की उंच फाटक, मोटारींची रांग आणि जबर फी एवढेच डोळ्यांपुढे येते. आणि आपल्या गावाला तिचे काय, असा प्रश्न मनात येतो. परंतु त्या शाळांचा थाट सांगावयास आम्ही उभे नाही. त्यांना जी अडचण पडली ती आपल्याही वर्गात रोज बाकावर येऊन बसते, एवढेच सांगावयाचे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांच्या कचेऱ्या जिनिव्हास आल्या. नाना देशांचे अधिकारी बायकामुलांसह तेथे राहू लागले. या मुलांनी कोणत्या शाळेत जावयाचे? त्यांतून १९२४ साली जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. आरंभी मुले अवघी आठ. १९२६ साली कमला नेहरूंच्या औषधोपचारासाठी नेहरू कुटुंब जिनिव्हास गेले, तेव्हा आठ वर्षांची इंदिरा याच शाळेत बसली. हीच मुलगी पुढे १९३१ ते १९३४ या काळात आपल्या पुण्यात, वकील दांपत्याच्या शाळेत शिकली.

१९२९ ते १९४९ पर्यंत मारी-तेरेझ मोरेत या बाई जिनिव्हाच्या शाळेच्या प्रमुख होत्या. भूगोल आपल्या देशापासून नव्हे, तर सगळ्या पृथ्वीपासून शिकवावा, हा त्यांचा आग्रह. दुसरा आग्रह असा की, शाळेच्या इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा प्रत्येकाने शिकावयाच्या. यातले मर्म आम्हांस फार मोलाचे वाटते. एका तासाला जो मुलगा अडखळतो तोच दुसऱ्या तासाला शेजाऱ्याला समजावून देतो. कायमचा हुशार कोणी नाही आणि कायमचा कच्चाही कोणी नाही.

पण ज्याच्या घरी यांतली एकही भाषा नाही, त्याचे काय? असे मूल पहिले काही महिने गप्प बसते. मग खेळता खेळता बोलू लागते, आणि आपण म्हणतो, आली याला भाषा! येथेच फसगत होते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून ही गोष्ट मांडली. मैदानावरची बोली सुमारे दोन वर्षांत येते. परंतु इतिहासाचा धडा समजून त्यावर स्वतःचे उत्तर लिहिण्याची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यावयास पाच ते सात वर्षे लागतात. या मधल्या काळात मुलाला आधार हवा, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला नापास करतो.

आम्ही स्वतः हे पाप केले आहे. सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगु बोलतात. तेथे आम्ही शिकवीत असताना वर्गात असाच एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ, पण शाब्दिक उदाहरण दिले की पाटी कोरी. आम्ही त्याला मंद ठरवून मागच्या बाकावर बसविले. एके दिवशी शेजारच्या मुलाने तेच उदाहरण त्याच्या कानात तेलुगुत सांगितले. आम्ही फळ्यावर आकडे मांडतो न मांडतो तोच याचे उत्तर तयार! गणित त्याला येत होते. त्याची भाषा आम्हांला येत नव्हती. त्या दिवशी नापास कोण झाले, हे सांगावयास नकोच.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, मुलाची पारख शक्य तो त्याच्याच भाषेत करावी. तेथेही ते अडखळले, तर कान, डोळे आणि वाचन-लेखनातील खरी अडचण जाणकारांकडून तपासून घ्यावी. भाषेच्या अडचणीला मंदपणा म्हणणे जितके चूक, तितकेच खऱ्या अडचणीला 'भाषा येईल हळूहळू' म्हणून टाळणे चूक. दुसरी गोष्ट, मदतीसाठी मुलाला रोज वर्गाबाहेर काढू नये. चित्र, वस्तू, नवे शब्द आधी सांगणे, जोडीला त्याच्या भाषेचा सोबती, ही मदत वर्गातच द्यावी. तिचा लाभ इतर मुलांनाही होतो. तिसरी गोष्ट, घरची भाषा सोडावयास सांगू नये. १९६८ साली जिनिव्हास ज्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची संस्था स्थापन झाली, तिच्या अभ्यासक्रमात आपल्या भाषेचा शिक्षक शाळेत नसला तरी त्या भाषेचे साहित्य शाळेच्या साहाय्याने स्वतः अभ्यासण्याची सोय ठेवलेली आहे. श्रीमंतांच्या शाळेला जे कळले, ते आपल्या संविधानालाही कळले होते. १९५६ साली घातलेला अनुच्छेद ३५०क सांगतो की, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा.

हे पैशाचे काम नाही, असे आम्ही म्हणत नाही. शिक्षक हवेत, वेळ हवा, वर्ग लहान हवेत. परंतु पहिले पाऊल फुकटचे आहे. आपले मराठी मूल परदेशी शाळेत गप्प बसले तर, आपल्याला शिक्षकाने काय करावेसे वाटेल? तेच वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या, परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलासाठी मागावे. उद्या शाळेत गेलात तर, पहिला नंबर कोणाचा हे मागाहून विचारा. मागच्या बाकावर गप्प कोण बसले आहे आणि त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे आधी विचारा.